मिल्ड्रोनेट, सात फॉर्म आणि पंधरा महिने: शारापोव्हाची केस नीट बघूया

माझी भाची ज्युनिअर टेनिस खेळते आणि सुट्टीत तिच्या टूर्नामेंटला तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे असतं, तर गेल्या वेळी दोन मॅचच्या मधल्या ब्रेकमध्ये दुसऱ्या एका मुलीच्या बाबांनी तिच्या हातात एक पुडी दिली, पाण्यात टाक आणि पी म्हणाले, थकवा जाईल. पुडीवर ना नाव, ना काही छापलेलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांची मुलगी पण तेच पीत होती. मी पुडी परत दिली आणि घरी येताना गाडीत भाचीला मारिया शारापोव्हाची गोष्ट सांगायला घेतली, तर निम्म्या रस्त्यात लक्षात आलं की मला स्वतःलाच ती केस अर्धवट माहितीये. "डोपिंगमध्ये सापडली, बंदी आली, मग कमी झाली" एवढंच. म्हणून नंतर बसून नीट वाचली, आणि आता वाटतं की ज्यांच्या घरात कुणी जरा गंभीरपणे खेळतंय त्यांनी ही केस अथपासून इतिपर्यंत समजून घ्यायलाच हवी.

शारापोव्हा कोण हे सांगायची गरज नाही खरं तर. आपल्याकडे तर २०१४ च्या विम्बल्डनला "तेंडुलकर कोण मला माहीत नाही" म्हणाली म्हणून लोकांनी तिच्या फेसबुक पेजवर जाऊन जो गोंधळ घातला होता तो आठवत असेलच (मला ते तेव्हाही अजिबात आवडलं नव्हतं, रशियात जन्मलेल्या आणि फ्लोरिडात वाढलेल्या मुलीला क्रिकेट का माहीत असावं?). सायबेरियातल्या न्यागानमध्ये १९८७ चा जन्म, आईवडील मूळचे बेलारूसमधल्या गोमेलचे, चेर्नोबिलच्या स्फोटानंतर तिकडून निघालेले. सहा-सात वर्षांची असताना वडील युरी तिला घेऊन अमेरिकेला आले. २००४ ला वयाच्या १७ व्या वर्षी तिने विम्बल्डनच्या फायनलला सेरेनाला ६-१, ६-४ हरवलं, ती मॅच मी टीव्हीवर बघितलीये आणि ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे यूएस ओपन, ऑस्ट्रेलियन ओपन, दोनदा फ्रेंच ओपन, लंडन ऑलिंपिकचं सिल्व्हर. सलग ११ वर्षं जगातली सगळ्यात जास्त कमावणारी महिला खेळाडू. म्हणजे पैसा, माणसं, वकील, डॉक्टर कशाचीच कमी नव्हती, आणि या केसमध्ये तेच सगळ्यात जास्त खटकतं.

आता मुख्य घटना. २६ जानेवारी २०१६, मेलबर्न, ऑस्ट्रेलियन ओपनची क्वार्टर फायनल, ती सेरेनाकडून हरली आणि मॅचनंतर तिचं युरिन सॅम्पल घेतलं गेलं. २ फेब्रुवारीला मॉस्कोत, टूर्नामेंट चालू नसताना, आणखी एक सॅम्पल घेतलं. दोन्हीत मेल्डोनियम सापडलं. २ मार्चला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचं म्हणजे आयटीएफचं पत्र तिला मिळालं आणि ७ मार्चला तिने लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात पत्रकारांना बोलावलं. सगळ्यांना वाटलं रिटायरमेंट सांगणार. तिने सांगितलं की मी टेस्टमध्ये फेल झालेय, गेली दहा वर्षं मी मिल्ड्रोनेट नावाचं औषध घेतेय, त्यालाच मेल्डोनियम म्हणतात हे मला माहीत नव्हतं, १ जानेवारीपासून त्यावर बंदी आली आणि मी यादी बघितली नाही. जबाबदारी माझी आहे असंही म्हणाली. स्वतःहून पुढे येऊन सांगितलं याचं मला आजही कौतुक वाटतं, बहुतेक खेळाडू बातमी फुटेपर्यंत तोंड उघडत नाहीत.

पण हे मेल्डोनियम आहे तरी काय? लॅटव्हियातल्या रीगा शहरात, सोव्हिएत काळात, १९७० च्या दशकात इवार्स काल्विन्श नावाच्या शास्त्रज्ञाने ते शोधलं आणि आजही तिथलीच ग्रिंडेक्स ही कंपनी मिल्ड्रोनेट नावाने ते बनवते. हृदयाला रक्तपुरवठा कमी पडतो अशा पेशंटना देतात. काम कसं करतं तर शरीरात कार्निटिन नावाचा एक पदार्थ असतो जो चरबीला पेशीच्या आतल्या भट्टीपर्यंत नेतो, हे औषध त्या कार्निटिनचं उत्पादन कमी करतं, मग पेशी चरबीऐवजी साखर जास्त जाळायला लागते, आणि साखर जाळायला त्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजन कमी लागतो. आजारी हृदयाला याचा फायदा होतो. निरोगी खेळाडूला किती होतो यावर वाद आहे, पण सोव्हिएत सैनिकांना अफगाणिस्तानच्या डोंगरात हेच देत होते, त्यामुळे दमछाक कमी व्हावी म्हणून खेळाडू याच्याकडे का वळले असतील ते समजतं. रशिया आणि शेजारच्या देशांत ते सहज मिळतं, अमेरिकेत मात्र त्याला मान्यताच नाही, आणि शारापोव्हा राहत होती अमेरिकेत. हा मुद्दा लक्षात असू द्या.

वाडाने म्हणजे जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेने २०१५ चं वर्षभर या औषधावर नुसतं लक्ष ठेवलं होतं, म्हणजे सॅम्पलमध्ये शोधायचं, मोजायचं, पण शिक्षा नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बाकूला युरोपियन गेम्स झाले, तिथला अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला, ७६२ सॅम्पलपैकी ६६ मध्ये मेल्डोनियम निघालं. आणि आता हे वाचा: त्या काळात टेस्ट झालेल्या ६६२ खेळाडूंपैकी फॉर्मवर ते लिहून दिलं होतं फक्त २३ जणांनी. बंदी नसलेलं औषध! लिहिलं असतं तर कुणी काही बोललं नसतं, तरी बऱ्याच जणांनी लिहिलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये वाडाने जाहीर केलं की १ जानेवारी २०१६ पासून हे बंदी यादीत.

म्हणजे ३१ डिसेंबरला गोळी घेतली तर काही नाही, १ जानेवारीला तीच गोळी घेतली तर गुन्हा. शारापोव्हाच्या बाजूने बोलणारे इथेच थांबतात, आणि मीसुद्धा आधी इथेच थांबले होते. आयटीएफच्या ट्रायब्युनलचा, म्हणजे या केसचा निवाडा करणाऱ्या समितीचा, निकाल वाचल्यावर पुढचं कळलं.

२००६ ला ती वारंवार आजारी पडायची म्हणून वडिलांनी तिला मॉस्कोच्या डॉ. अनातोली स्काल्नींकडे नेलं. ईसीजीत थोडी गडबड, मॅग्नेशियम कमी, घरात डायबिटीसचा इतिहास, अशी कारणं सांगितली गेली. डॉक्टरांनी साधारण १८ गोष्टींची यादी दिली, ती वाढत वाढत २०१० पर्यंत ३० च्या आसपास गेली. ३० वेगवेगळ्या गोळ्या! त्यातलं मिल्ड्रोनेट कसं घ्यायचं याच्या सूचना निकालपत्रात आहेत: मॅचच्या तासभर आधी दोन गोळ्या, आणि विशेष महत्त्वाची मॅच असेल तर तीन ते चार. हे वाचल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसले. माझ्या आईला बीपीची गोळी आहे, ती रोज सकाळी घेते, घरी लग्नकार्य आहे म्हणून तीन घेत नाही. हृदयाच्या त्रासासाठीचं औषध सेमीफायनल आहे की पहिली फेरी आहे हे बघून कमीजास्त होत नसतं.

२०१२ च्या शेवटी एवढ्या गोळ्या नको म्हणून तिने स्काल्नींचा सगळा कार्यक्रम बंद केला. पण त्या ३० मधल्या तीन चालू ठेवल्या, त्यात एक मिल्ड्रोनेट. आणि इथून पुढे कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही की हे मी अजून घेऊ का. नवीन न्यूट्रिशनिस्ट आला, त्याला सांगितलं नाही. कोच, ट्रेनर, फिजिओ, यांनाही नाही. माहीत होतं ते वडिलांना आणि मॅनेजर मॅक्स आयझेनबडला. ज्या टीमला आपण पगार देतो, जी टीम आपलं खाणंपिणं झोप सगळं बघते, तिलाच हे माहीत नाही, आणि ऑस्ट्रेलियन ओपनला ज्या ज्या दिवशी मॅच होती त्या त्या दिवशी ती हे घेत होती.

मग फॉर्म. डोपिंग टेस्टच्या वेळी खेळाडूला एक फॉर्म भरायचा असतो, गेल्या सात दिवसांत कुठली औषधं, सप्लिमेंट घेतली ते त्यात लिहायचं. २२ ऑक्टोबर २०१४ ते २६ जानेवारी २०१६ या काळात तिने असे सात फॉर्म भरले आणि सातपैकी एकावरही मिल्ड्रोनेट नाही. इतर गोष्टी लिहिल्यात, हे नाही. तिचं म्हणणं असं की मला वाटलं रोज घेतो तेवढंच लिहायचं असतं. ट्रायब्युनलला ते पटलं नाही आणि खरं सांगते मलाही नाही पटलं. पण मला त्याहून जास्त हळहळ वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या सातपैकी बहुतेक फॉर्म बंदीच्या आधीचे आहेत. तेव्हा लिहिलं असतं तर एका पैशाचं नुकसान नव्हतं. उलट तो शब्द कागदावर आला असता, टीममधल्या कुणीतरी वाचला असता, "हे काय आहे?" असं विचारलं असतं, आणि सप्टेंबरमध्ये यादी आली तेव्हा त्या माणसाच्या डोक्यात घंटा वाजली असती. मी हे प्रकरण जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा त्या रिकाम्या जागेपाशी येऊन अडकते.

आता यादी बघायची कुणी? तिच्या म्हणण्यानुसार हे काम मॅनेजरचं होतं. आयझेनबडने साक्षीत सांगितलं की तो दरवर्षी वर्षाच्या शेवटी कॅरिबियनला सुट्टीवर जाताना यादी सोबत नेऊन तपासायचा, पण २०१५ ला बायकोपासून वेगळा झाल्यामुळे सुट्टीला गेला नाही म्हणून तपासली नाही. ट्रायब्युनलने यावर विश्वास ठेवला नाही. माणसाच्या घरात काय चाललंय त्यावर मी बोलणार नाही, पण समजा हे अगदी खरं असलं तरी औषधशास्त्राचा काहीही गंध नसलेल्या, करार आणि जाहिराती बघणाऱ्या माणसावर हे काम सोपवणं हेच मुळात चूक. आणि तिला स्वतःलाही २२ डिसेंबरला आयटीएफचा ईमेल आला होता, २०१६ च्या डोपिंग नियमांतले मुख्य बदल असा, त्यात लिंक होती, तिने ती उघडली नाही.

निकाल समजण्यासाठी नियम थोडा बघावा लागतो. डोपिंगमध्ये पहिलं तत्त्व असं की तुमच्या शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी तुमची, कसं आलं, कुणी दिलं हा पुढचा प्रश्न. मेल्डोनियम ज्या गटात येतं त्यात सुरुवातच चार वर्षांपासून होते. खेळाडूने सिद्ध केलं की मी मुद्दाम केलं नाही, तर दोन वर्षं. आणि त्याहीपुढे जाऊन सिद्ध केलं की माझी मोठी चूक नव्हती, तर दोनच्या खाली, पण एका वर्षापेक्षा कमी नाही. आता "मुद्दाम" या शब्दापाशी बरेच लोक गोंधळतात. इथे मुद्दाम म्हणजे नियम मोडतोय किंवा मोडला जायचा मोठा धोका आहे हे माहीत असून करणं. खेळ चांगला व्हावा म्हणून काहीतरी घेणं म्हणजे मुद्दाम नाही, ते तर सगळेच घेतात, कॉफीसुद्धा त्यासाठीच पितात. म्हणून आयटीएफच्या ट्रायब्युनलने जूनमध्ये एकाच निकालात दोन गोष्टी म्हटल्या ज्या वरवर उलट वाटतात: हिला बंदीचं माहीत नव्हतं म्हणून मुद्दाम नाही, आणि तरीही ज्या पद्धतीने घेतलं, लपवलं, डॉक्टरला विचारलं नाही त्यावरून हे तिने खेळ सुधारायलाच घेतलं. आपल्या दुर्दैवाला ती स्वतःच जबाबदार आहे, असंही स्पष्ट लिहिलं. शिक्षा दोन वर्षं, २६ जानेवारी २०१६ पासून. आयटीएफने चार मागितली होती. ऑस्ट्रेलियन ओपनचे पॉइंट आणि बक्षिसाचे पैसे गेले, रिओ ऑलिंपिक गेलं.

मधल्या काळात वाडावरही चांगलीच टीका झाली. एप्रिलपर्यंत वेगवेगळ्या खेळांतले १७२ खेळाडू याच औषधात सापडले होते, आणि हे औषध शरीरातून पूर्ण जायला किती दिवस लागतात याचा पुरेसा अभ्यासच नव्हता, म्हणजे डिसेंबरमध्ये सोडून दिलेला माणूसही फेब्रुवारीत सापडू शकत होता. शेवटी वाडाला १३ एप्रिलला नवीन सूचना काढावी लागली की प्रमाण अमुकपेक्षा कमी असेल तर सूट देता येईल. शारापोव्हाला याचा काही उपयोग नव्हता कारण तिने १ जानेवारीनंतर घेतल्याचं स्वतःच मान्य केलं होतं. खरं बोलल्यामुळे ती वाट बंद झाली असं म्हणता येईल, पण मेलबर्नमध्ये घेतलेलं ती नाकारणार तरी कशी होती.

स्पॉन्सर मात्र लगेचच हलले. नायकेने करार थांबवला, पोर्शने थांबवला, घड्याळवाल्या टॅग हॉयरने कराराचं नूतनीकरण केलं नाही, संयुक्त राष्ट्रांनी सदिच्छा दूत म्हणून बाजूला केलं, जे काम ती चेर्नोबिलग्रस्तांसाठी करत होती. रॅकेट बनवणारी हेड कंपनी तेवढी उघडपणे पाठीशी उभी राहिली. नायके जूनमध्ये परत आली.

मग स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे अपील झालं, आणि ४ ऑक्टोबर २०१६ ला बंदी १५ महिन्यांवर आली. त्यांचं म्हणणं मला जास्त समतोल वाटलं. ही मुद्दाम डोपिंग करणारी खेळाडू नाही असं त्यांनी ठामपणे म्हटलं. दहा वर्षं तेच औषध कायदेशीर होतं म्हणून तिला धोका कमी वाटणं समजण्यासारखं आहे, यादी बघायचं काम दुसऱ्याला देणं हाही काही गुन्हा नाही, पण ज्याला दिलं त्याला नीट सांगायला हवं होतं, काम होतंय का हे बघायला हवं होतं, ते तिने केलं नाही म्हणून चूक आहेच. आणि डोपिंगविरोधी संस्थांनीही असा मोठा बदल करताना तो खेळाडूंपर्यंत नीट पोचवायला हवा असंही सांगितलं. एक ते दोन वर्षांच्या मध्ये सव्वा वर्ष. माझं मत विचाराल तर सव्वा वर्ष बरोबर होतं. चार वर्षं हा अन्याय झाला असता. आणि ज्यांना वाटतं काहीच शिक्षा नको होती त्यांनी ती "तीन ते चार गोळ्या" वाली सूचना परत एकदा वाचावी.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर २०१९ मधलं मुंबईच्या पृथ्वी शॉचं प्रकरण आठवा. इंदूरला सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी चालू असताना २२ फेब्रुवारीला टेस्ट झाली, टर्ब्युटालिन सापडलं, जे खोकल्याच्या औषधात सर्रास असतं. खोकला झाला, सिरप घेतलं, एवढंच. बीसीसीआयने त्याचं स्पष्टीकरण मान्य केलं तरी आठ महिन्यांची बंदी बसलीच. आपल्या प्रत्येकाच्या घरात फ्रिजवर किंवा देवघराच्या बाजूच्या कपाटात खोकल्याच्या औषधाची एक बाटली असते आणि पोराला खोकला आला की आपण झाकण भरून देतो. खेळणाऱ्या पोराला देताना बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात, आणि ब्रँडचं नाव नाही तर आतल्या औषधाचं नाव वाचावं लागतं. शारापोव्हाचं मिल्ड्रोनेट आणि मेल्डोनियम याच फरकात अडकलं होतं.

२६ एप्रिल २०१७ ला बंदी संपली आणि त्याच दिवशी ती श्टुटगार्टला कोर्टवर उतरली. टूर्नामेंट सोमवारीच सुरू झाली होती, पण बंदी संपेपर्यंत तिला आत पायही ठेवता येत नव्हता, म्हणून तिची मॅच मुद्दाम बुधवारी ठेवली आणि तोवर तिने बाहेरच्या क्लबवर प्रॅक्टिस केली. रॉबर्टा विन्चीला ७-५, ६-३ हरवलं, सेमीफायनलपर्यंत गेली. तिला मिळालेल्या वाइल्ड कार्डवरून, म्हणजे रँकिंग पुरेसं नसताना आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावरून, खूप बोललं गेलं. कॅनडाच्या युजिनी बुशार्डने तिला सरळ चीटर म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात माद्रिदला तिला हरवलंसुद्धा. फ्रेंच ओपनने वाइल्ड कार्ड नाकारलं, दोनदा तिथे जिंकलेल्या खेळाडूला. मला ते बरोबर वाटलं. शिक्षा संपली म्हणजे खेळायचा हक्क परत मिळाला, खालच्या टूर्नामेंट खेळून वर यायचा हक्क. वाइल्ड कार्ड ही भेट असते, आणि भेट द्यायची की नाही हे देणारा ठरवतो.

यूएस ओपनने मात्र दिलं. पहिल्याच फेरीत, रात्रीच्या मॅचला, तिने सिमोना हालेपला तीन सेटमध्ये हरवलं आणि कोर्टवर गुडघ्यांवर बसून रडली. त्यानंतर तिआनजिनला एक विजेतेपद मिळालं, ते तिचं छत्तिसावं आणि शेवटचं. खांदा साथ देत नव्हता, फेब्रुवारी २०२० मध्ये तिने खेळणं सोडलं तेव्हा रँकिंग ३७३ होतं.

आणि ती हालेप, तिची पाच वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, त्याच यूएस ओपनला टेस्ट झाली आणि रॉक्साडुस्टॅट हे बंदी असलेलं औषध सापडलं. चार वर्षांची बंदी, मग त्याच लवादाकडे अपील, मार्च २०२४ मध्ये नऊ महिने. तोवर ती दीड वर्ष घरी बसून होती. भाचीला आता ती केस हवीये, पुढच्या टूर्नामेंटला जाताना गाडीत सांगायची असं ठरलंय.